अकरा मिनिटांचा थांबा

उरण, ३ फेब्रुवारी २०२४

चि. प्रणालीस,
बाबाचे अनेक आशीर्वाद. फोन करावा तर तू सदा मीटिंगात, म्हणून पेन धरलं. अक्षराला हसू नकोस.

आपल्या शेजारच्या सदाकाकाकडून कंपनीनं ट्रेलरची चावी काढून घेतली. वीस वर्षं माझ्यासोबत ट्रेलर चालवणारा ड्रायव्हर! सुपरवायझर म्हणाला, तुझी गाडी अॅनालिटिक्समध्ये आली. म्हणजे काय, ते त्यालाही सांगता येईना. मी छाती फुगवून म्हटलं, माझी पोरगी पुण्यात तेच काम करते. तर या शब्दाचा अर्थ कळव, आणि सदाचं काम परत कसं मिळेल तेही.

आईनं सुकट पाठवलीय. जेवत जा वेळेवर.
तुझा बाबा, धर्माजी

पुणे, ९ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.
सुकट मिळाली.

अॅनालिटिक्स म्हणजे ढिगानं जमलेल्या नोंदी चाळून काय घडतंय आणि का घडतंय, ते शोधणं. ट्रेलरमधलं यंत्र गाडी कुठे, किती वेळ थांबली ते आमच्याकडे पाठवतं. बाबा, लाज वाटते सांगायला, ती यादी मीच केली. आम्हाला नावं दिसत नाहीत, नुसते नंबर. सत्तावीस नंबर रोज खाडीपुलाच्या वळणावर अकरा मिनिटं थांबायचा. मी शेरा मारला, डिझेलचोरीचा संशय.

काका तिथे का थांबतात? लगेच कळवा, शेरा काढून घेते. त्यांना माझं नाव सांगू नका.
तुमची प्रणाली

उरण, १६ फेब्रुवारी

चि. प्रणालीस आशीर्वाद.
तुझं पत्र आलं, त्याच्या आदल्या दिवशी सदाला पोचवून आलो.

त्या वळणावर त्याची बायको, आपली कमळकाकी, त्याला भाकरी आणून द्यायची. माझ्या गाडीतून उतरून तूही खाल्लीस तिच्या हातची, विसरलीस? दोन वर्षांपूर्वी तिथेच ती कंटेनरखाली गेली. तेव्हापासून तो तिथेच थांबून जेवायचा. अख्ख्या गावाला ठाऊक होतं गं! चावी गेली तरी डबा घेऊन चालत जायचा. मंगळवारी भर दुपारी ट्रेलरनं उडवला त्याला. डबा उघडलासुद्धा न्हवता.

तू वाईट न्हाईस. पण का ते शोधतात म्हणालीस, मग आधी विचारायचंस.
बाबा

पुणे, २८ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न.
साहेबांना रडत सगळं सांगितलं. ते म्हणाले, कारणासाठी रकाना नाही.

नव्या यादीत त्याच वळणावर एकतीस नंबर रोज थांबतोय. अकराच मिनिटं. येत्या सोमवारनंतरच्या सोमवारी यादी द्यायचीय. बाबा, तुमच्या गाडीचा नंबर काय? तुमचा असेल तर हात जोडते, थांबू नका.
प्रणाली

उरण, ५ मार्च

चि. प्रणालीस आशीर्वाद.
एकतीस माझाच. दुपारची भाकरी मी आता तिथे खातो, चतकोर त्या दोघांसाठी ठेवतो. ते काही मी सोडायचा न्हाय.

शेरा काय मारायचा ते तू ठरव. या वेळी यादीच्या आधी विचारलंस, बरं वाटलं. रागावलो न्हाय, आमचा जीव तुझ्यातच हाय.
बाबा