नववी वाटी

एकलहरे,
५ जानेवारी १९९८

ती. स्व. झुंबरदादांस, भागूचा सा. न. वि. वि.

तुमच्या एकोणीस वाट्या इंदिरानगरच्या सभागृहात प्रदर्शनाला मांडणार आहेत! दर भाऊबीजेला साडीऐवजी तबकात घातलेल्या, लिंबाएवढ्या. पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या होत्या, भावाने बहिणीला लाकूड दिलं. आता त्याच लाकडाला काचेचं कपाट मिळतंय. हेद, कळंब, तिवस, बिवळा ही नावंसुद्धा इथे कुणाला ठाऊक नाहीत.

आमची स्नेहल चिठ्ठ्या करतेय. प्रत्येकीवर झाडाचं नाव, खाली तुमचं. म्हणून सगळी नावं स्वतःच्या हाताने लिहून पाठवा. सत्त्याऐंशीची नववी वाटी नीट आठवून लिहा, माझी स्मरणशक्ती आताशा दगा देते. वनखात्यातले एक निवृत्त साहेबही येणार आहेत.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
भागू

पेठ,
११ जानेवारी १९९८

चि. सौ. भागूस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीने अर्ध्या गावाला वाचून दाखवलं. मीही दोन दिवस मिशीला पीळ देत हिंडलो. मग नावं लिहायला बसलो आणि नववीपाशी अडलो.

अठरा नावं सोबत आहेत. नववी मांडू नकोस. ती रोहणाची नाही, बाभळीची आहे. त्या वर्षी राखीला तुझ्या सासरी, सगळ्यांसमोर, यंदा रोहणाची वाटी देतो असं छाती ठोकून बोललो होतो. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे, पडलेल्याच झाडाचं लाकूड कातायचं. डोंगर पालथा घातला, पडलेला रोहण मिळेना. एक उभा होता. कुऱ्हाड घेऊन गेलो, पण हात उचलेना. मग घरची बाभूळ कातली, तेल पाजलं आणि नाव रोहणाचं सांगितलं. बापाने कानाखाली वाजवली असती. मला लाज वाटते, भागू.

रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा,
झुंबरदादा

एकलहरे,
२ फेब्रुवारी १९९८

ती. स्व. दादांस, सा. न. वि. वि.

मीही त्याच बापाची लेक आहे, बाभळीच्या भुशात खेळून मोठी झालेली. वाटी तबकात पडली तेव्हाच ओळखली होती. पण ओवाळणी कुणी पारखून घेतं का? फक्त तुमच्या नावावर खोटी चिठ्ठी लावायला मन होईना, म्हणून विचारलं. स्मरणशक्ती ठणठणीत आहे.

नववी मांडलीच, तीही मधोमध. चिठ्ठी मी लिहिली: ‘बाभूळ. उभा रोहण तोडवला नाही म्हणून.’ ते साहेब बाकी वाट्यांवरून भरभर गेले आणि तिथे थांबले. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. उभ्या नोकरीत असा माणूस भेटला नाही, म्हणाले. हा माझा सख्खा भाऊ, हे मी मग दिसेल त्याला सांगत सुटले. स्नेहलने दोनदा डोळे वटारले, पण मी कुठली ऐकतेय! दादा, एवढा अभिमान मला आजवर कशाचा वाटला नव्हता.

तो रोहण अजून उभा आहे ना? मग यंदा भाऊबीजेला तुम्ही येऊ नका, मीच येते. वाटी नको. मला त्याच्यापाशी न्या. त्यालाही ओवाळायचंय.

लोभ आहेच, तो वाढता असू द्या.

तुमची,
भागू