पायाखालचा उजेड

सोम. ३ नोव्हें.
सोयाबीनची आवक लई. दिवसभर धूळ नाकातोंडात. दुपारी नांदेडहून शिवलीलाचा फोन. पोटात दुखलं म्हणून दाखवायला गेली होती, तर डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उतरायचंच न्हाई म्हणून सांगितलंय. म्हणजे लेक बाळंतपणाला उदगीरला येणार न्हाई, आईनंच तिकडं जायचं. तिला सासू न्हाई, जावईबापू दिवसभर कामावर.

महानंदाला म्हणलं, उद्याच निघ. ही भाकरी थापत राहिली. मग म्हणते, तुमचं कसं? म्हणलं, माझं काय, मला सैपाक येतो. म्हणते, सैपाकाचं न्हाई विचारलं. मग कशाचं विचारलं ते काही सांगितलं न्हाई.

इथं लिहायला हरकत न्हाई. दिवस मावळला की मला दिसत न्हाई. घरात ट्यूबखाली ठीक, दुकानात ठीक. गल्लीत पाय टाकला की डोळ्यांपुढं घोंगडं टाकल्यागत. दोन-तीन वर्षं झाली. कुणाला सांगितलं न्हाई, हिलाही न्हाई. रोज संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन ही आमच्या भुसार दुकानावर येते आणि दोघं संगं घरी जातो, म्हणून निभून राहिलंय. भाजी हे निमित्त. मी शेजारच्या गाड्यावर मिरची भजी खाल्ली का बघायला येते. आणि दुकान ते घर तोंडाचा पट्टा एवढा चालू की कान किटतात. पण त्या आवाजामागं चालत गेलं की घर येतं, महादेवाची कृपा.

बुध. ५ नोव्हें.
हिचं जायचं आज-उद्या चाललंय. बॅग भरली, पण बसचं नाव न्हाई. वय झालं म्हणून माझी काळजी करत असंल. मी अंधारात एकटा सुखरूप घरी येतो एवढं तिच्या नजरेला पडलं म्हणजे जाईल, असा माझा हिशोब.

लतीफभाईच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. शाळेपासूनचा दोस्त. म्हणलं एक चांगली बॅटरी दे, हातात धरायची. त्यानं कोपरापर्यंत येईल एवढी काढली. "आप्पा, ये ले जाव. किल्ल्याके बुरुजपर लाईट पडती." म्हणलं मला बुरुजावर काय करायचंय. तरी तीच घेतली. वजनदार वस्तू हातात आली की माणसाला वाटतं चांगली हाय.

शुक्र. ७ नोव्हें.
फजिती. आज दुकानातून येताना पुढं मी, मागं ही. बॅटरी लावली तर पार वळणावरच्या घराची गच्ची दिसली, पायाखाली मात्र काळोख. उजेड म्हणजे बांगडीएवढा गोल, तोही लांब भिंतीवर. मंद करावी म्हणून बटण दाबलं तर उघडझाप सुरू. समोरून फटफटीवाला आला, त्याच्या डोळ्यात लखलख. थांबून म्हणतो, काका, वरात कुठाय. गडबडीत पायरीला नडगी आपटली.

 घरी येऊन हिनं हळद लावली. मग बॅगेतून लुगडी काढून कपाटात परत ठेवायला लागली. माझं डोकंच फिरलं, तांब्या आपटला. पोरगी तिकडं एकटी पडून हाय आणि आई माझ्यापायी इथं अडकून बसलीय. हे समदं कळून राहिलंय, पण तोंडातून निघंना.

रवि. ९ नोव्हें.
जावईबापू नांदेडला बॅटऱ्यांच्या दुकानात कामाला, म्हणून गच्चीवर जाऊन त्यांना फोन लावला. म्हणलं एका मित्राला बॅटरी घ्यायचीय, त्याला सांजचं जरा कमी दिसतं. जावईबापूंनी एकच विचारलं. "मामा, तुमच्या मित्राला लांबचं बघायचंय का पायाखालचं?"

म्हणलं, पायाखालचं. मग त्यांनी नीट समजावलं. मोठी नको, मोठी घरीच राहते आणि अंधार भेटतो रस्त्यात. लहान पाहिजे, कायम खिशात बसणारी. काच अशी की उजेड लांब न जाता पसरावा. पिवळसर उजेड, पांढऱ्या फक्क उजेडात खड्डा आणि सावली सारखीच दिसते. एकच बटण आणि उघडझापीचं नाव नको. आमच्याकडून आजच पाठवतो म्हणाले.

मित्र कोण, म्हणून विचारलं न्हाई. पोरीला असा नवरा मिळाला, आपलं काय पुण्य असंल ते असंल.

गुरु. १३ नोव्हें.
पार्सल आलं. बॅटरी माझ्या बोटाएवढी, खिशाला पेनासारखी अडकते. संगं दोन सेल. दिसायला घड्याळाच्या सेलासारखेच, पण लिथियमचे, जोर दुपटीच्या वर. चार्जिंगला लावायची वायर थेट सेलालाच जोडते. जावईबापूंनी फोनवर बजावलं की हा सेल ह्या बॅटरीतच घालायचा, घरात दुसरीकडं कुठंच न्हाई. म्हणलं मी काय लहान हाय का.

सांजचं लावली. काय सांगू. अंगणात सडा टाकावा तसा उजेड पुढ्यात पसरला. स्वतःचे पाय दिसले. रस्त्यावर स्वतःच्या चपला बघून एवढा आनंद व्हावा माणसाला. ताठ मानेनं पुढं चाललो. ही मागून गुपचूप. आज तोंड बंद कसं, म्हणलं. म्हणते, पाय दुखून राहिलेत.

रात्री लुगडी परत बॅगेत गेली. जीव भांड्यात पडला.

शनि. १५ नोव्हें.
सकाळच्या एसटीत बसवून दिलं. डिंकाचे लाडू, धपाटे, बाळाला जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, असं ओझं. खिडकीतून म्हणाली, "अंधार पडायच्या आत दुकान बंद करत जावा." म्हणलं हंगामात कसं जमंल.  गाडी हलली.

सोम. १७ नोव्हें.
देवपूजा, दुकान, बॅटरीच्या उजेडात घर. अडचण काही न्हाई. भजी खाल्ली, बघायला कुणी न्हाई म्हणून जास्तच खाल्ली, पण चव लागली न्हाई. गल्ली एवढी शांत असते हे माहीत नव्हतं मला.

रवि. २३ नोव्हें.
भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. घरात साधा सेल सापडंना. लिथियमचा दुसरा सेल मापाला बरोबर बसला. काटा जरा जोरात पळाल्यागत वाटला, मग थांबला तो थांबलाच. लतीफभाईनं उघडून बघितलं, म्हणतो मशीन जळाली. घड्याळ मेव्हण्यानं दिलेलं, आमच्या वास्तुशांतीचं.

व्हिडिओ कॉलवर हिची नजर थेट मागच्या भिंतीवर. विचारलं, साडेचार कसे वाजले दिवेलागणीला? म्हणलं सेल गेलाय. खोटं न्हाई बोललो. मागं जावईबापू होते, ते खोकायला लागले. त्यांना कळलं.

शुक्र. २८ नोव्हें.
नात झाली. सकाळीच फोन. दोघी सुखरूप. महानंदाला बोलता येईना, मला ऐकता येईना, दोघंही नुसतं हं हं करून राहिलो. महादेवाला नारळ. समद्या मोंढा-बाजारात पेढे वाटले, हमालांपासून आडत्यांपर्यंत. लतीफभाईनं मिठीच मारली.

आता संध्याकाळचं. पेढ्यांच्या गडबडीत सेल चार्जिंगला लावायचा राहिला. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि बॅटरी गेली. मंद झाली न्हाई, फडफडली न्हाई, एकदम गेली. लाईन पण गेलेली, कुणाच्या खिडकीत उजेड न्हाई. फोन दुकानात राहिला. भिंतीला हात लावून उभा राहिलो.  हाक मारावी तर समद्या गल्लीला कळंल की आप्पाला दिसत न्हाई.

उभ्या उभ्या हिची आठवण आली. आठवण म्हणजे तिची बडबड. गल्लीत शिरताना पहिला नंबर बिरादाराचा. मेल्यानं ट्रॉलीचा दांडा रस्त्यात काढून ठेवलाय, माणसांनी काय डाव्या भिंतीला घासून जायचं? रोजचं तेच. डाव्या भिंतीला घासून गेलो. दांडा लागला न्हाई.

मग जंगमबाईचा ओटा. ह्यांची पायरी निम्म्या रस्त्यात, पाय उचलून टाकावा लागतो. उचलला. पायरी होती. मग नगरपालिकेचा उद्धार, नालीचं झाकण कुणी नेलं, भिंत सोडली की माणूस आतच. भिंत सोडली न्हाई. पाण्याचा आवाज उजव्या बाजूनं मागं गेला. मग कडुलिंब, ह्याच्या मुळीत एक दिवस कुणाचा तरी पाय अडकणार. पाय घासत गेलो, मुळी सापडली, ओलांडली. पुढं हात लावला तर आपलंच दार.

आत येऊन मेणबत्ती लावून बसलो. खिशातला पेढा हातात तसाच. रडू आलं. नातीचं का ह्याचं, मला सांगता येईना.

शनि. २९ नोव्हें.
सकाळी उजेडात तीच वाट चाललो. दांडा, पायरी, नाली, मुळी. हिच्या शिव्या ह्याच ओळीनं. आणि बिरादाराच्या बायकोला ती दर उन्हाळ्यात लोणचं देते, जंगमबाईला अक्का म्हणते. दिवसा त्या लोकांबद्दल वाकडा शब्द न्हाई. अंधार पडला की तेवढं भांडण.

तिला माहीत हाय का? असंल तर कधीपासून? विचारावं तर आपण होऊन सांगितल्यागत होतंय.

जावईबापूंना मात्र फोन लावला. म्हणलं सेल न सांगता गेला. आणि मित्र कुणी न्हाई, मीच हाय तो.  मग म्हणाले, मामा, लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नंबर लावतो. बॅटरीबद्दलही बोलले. तिच्यात साधा चांगला सेल चालतो, अल्कलाइनचा. तो हळूहळू मंद होत जातो, घरी पोचायला सवड देतो. नुसता पडून राहिला तर पाझरतो, पण रोज वापरला आणि वेळेवर बदलला तर भीती न्हाई. लिथियमचा भरून दुसऱ्या खिशात ठेवा म्हणाले.

मला तोच सेल बरा. सांगून जाणारा.

बुध. १० डिसें.
लातूर. लतीफभाईला सांगावं लागलं, तर दुकान बंद करून संगं आला, नको म्हणलं तरी. डोळ्यात थेंब घातल्यावर चार तास भिंती पांढऱ्या, माझा हात त्याच्या हातात. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू न्हाई, आतल्या पडद्याचं हाय, बाजूची नजर कमी होत चाललीय. एवढ्यावर सांगता येत न्हाई, हैदराबादला मोठी तपासणी करा. तोवर काळा चष्मा, पालेभाजी आणि अंधारात जपून.

परतीच्या गाडीत लतीफभाईनं दोघांचं तिकीट काढलं. मग म्हणाला, "आप्पा, मैं पूछाच नै, तेरेको क्या देखना है. बुरूज दिखाया." गावात आल्यावर ती मोठी बॅटरी त्यानं परत घेतली, बदल्यात सेलाचं अख्खं खोकं दिलं. एवढी माणसं आपल्यामागं उभी हायत. डोळे जाऊन राहिले म्हणून दिसली का काय.

रवि. २१ डिसें.
नातीचं नाव ठेवलं, गौरी. कॅमेऱ्यात मूठ वळून झोपलेली. बिरादारानं ट्रॉली विकली. उगीच त्या जागेवर डावीकडूनच जातो.

शुक्र. ९ जाने.
महानंदा आली. पोरीला आता जमतंय, आणि नांदेडला जावईबापूंनी कामाला बाई बघितलीय. बस उशिरा आली, अंधार पडलेला. मी स्टँडवर एकटा गेलो, बोटाएवढी बॅटरी घेऊन. खाली उतरल्या उतरल्या तिनं आधी माझ्या नडग्या बघितल्या, मग तोंड. वाळलात म्हणाली.

बॅग मी घेतली. ऑटो गल्लीच्या तोंडाशी सोडला. बॅटरी लावली, सडा पडावा तसा उजेड. दोघं चाललो. ही गप्प. एवढ्या दिवसांनी आली, नातीचं किती सांगायचं असंल, तरी गप्प.

म्हणलं, "बोलत का न्हाईस?"

"आता दिसतंय की तुम्हाला," ती म्हणाली. "मग काय बोलू?"

मी थांबलो. तीही थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाई, पदर नीट करत राहिली. मी बॅटरी बंद करून खिशात टाकली. घोंगडं पडलं डोळ्यांवर.

"तरी बोल," म्हणलं.

तिच्या बांगड्या वाजल्या. मग गळा साफ करून सुरू झाली. "बिरादारानं मेल्यानं..." आणि थबकली. "अगंबाई, ट्रॉली कुठाय?"

"विकली त्यानं."

"मग सरळ या," ती म्हणाली.

सरळ गेलो. पुढं पायरी, नाली, मुळी, समदं तिनं ओळीनं सांगितलं, मधे मधे गौरीचं. कान किटले न्हाईत.

हैदराबादचं तिला अजून सांगायचंय. सकाळी सांगतो. तिकडं काय निघंल महादेवाला ठाऊक. बॅटरीत नवा सेल घालून ठेवलाय.