न कापलेलं गवत

चि. सनी, कोपरखैरण्याहून तात्याचा आशीर्वाद.

सरहद्दीवरून तू पाठवलेला फोटो तुझ्या आईनं फ्रेम करून टीव्हीशेजारी ठेवलाय. तुमच्या चौकीमागची हिरवीगार टेकडी येईल त्याला दाखवते. मी मात्र चार दिवस चष्मा लावून तिथलं गवत बघतोय. इथं मार्केटात गोण्या उचलायच्या आधी साताऱ्याला मी गवतच कापत होतो. फोटोत गुरं पायथ्याला चरतायत, पण वरच्या गवताला ना तोंड लागलंय, ना विळा. भारे घेतलेल्या बायासुद्धा टेकडीला वळसा घालून चालल्यात. कमरेएवढं गवत आणि पायवाट एक नाही. असं गवत कुणी उगाच सोडत नाही. तिथं जमिनीत सुरुंग आहेत ना?

परवा आई फोनवर म्हणाली, "सकाळी दवात अनवाणी चालत जा, डोळ्यांना चांगलं असतं." तू लगेच म्हणालास, "रोज चालतो की."

हे पत्र मी पाठवणार नाही, कारण तुझं उत्तर आधी आई वाचेल.

तुझं खोटं मी कधी खपवून घेतलं नाही. पोरा, एवढं एक खोटं असू दे.

तुझा,
तात्या