वहिनीसाठी दालचिनीचा ब्रेड

ती. आईस, बंगळूरहून साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनी तुला धुणं धुवायला बसवत नाही ना? खरं सांग.

हे फोनवर बोलले नाही, कारण ती कान लावून बसते. भिशीच्या बायकांसाठी तिला माझ्या दालचिनीच्या ब्रेडची कृती हवीय म्हणे! गणपतीत माझा ब्रेड फुगला नाही, तेव्हा हिनेच तो पाहुण्यांसमोर दाराला वीट म्हणून लावला होता. विसरले नाही मी.

सोबत त्याच ब्रेडची कृती पाठवतेय. एकही जिन्नस लपवलेला नाही. सगळी दालचिनी यीस्टबरोबर पिठातच मळायची, असं लिहिलंय. एवढ्या दालचिनीने यीस्ट मरतं, हे मला इथे आल्यावर कळलं. हल्ली मी पीठ फुगल्यावर ते लाटते आणि मग वरून भुरभुरते.

महाडच्या बाजारातून तिला ताजी, जिभेला चरचरणारी दालचिनी आणून दे. माल हलका होता म्हणायला जागा नको.

तुला तिची दया येईल, मला ठाऊक आहे. येऊ दे, पण बायका निघाल्यावर. त्या निघताना दाराला लावायला ब्रेड असेलच.

तुझीच,
मृदुला