आईचा खार

रविवार, ४ मे
कॉफीच्या, जॅमच्या रिकाम्या बाटल्या उकळून घेतल्या. झाकणांचा कॉफीचा वास काही जात नाही!

आईला जाऊन सहा आठवडे झाले. साताऱ्याहून तिची गाजर-बिटाची बाटली आणली होती, तिच्यात अर्धी वाटी खार उरला होता. दरवेळी जुन्या खारातले दोन चमचे ती नव्या मिठाच्या पाण्यात घालायची. मी धांदरटपणे सगळाच नव्या गाजर-बिटाच्या बाटलीत ओतला. थोडा बाजूला ठेवायला हवा होता. तिच्या हातचं एवढंच उरलंय — काही झालं तरी हा टिकवायचा.

सोमवार
बाबांचा फोन. घेतला नाही. जन्मभर पेपरात तोंड खुपसून बसले, आई एकटी राबली. आता काय बोलायचंय?

मंगळवार
उकाड्याने जीव नकोसा झालाय. अण्णा नगरात सावलीसुद्धा तापते.

शेजारच्या विजयालक्ष्मी मामी आल्या होत्या. घराणं तंजावरचं, मराठी त्यांची वेगळीच. बाटली हातात घेऊन म्हणाल्या, "अय्यो, मूडी इतकी घट्ट कशाला गे? रोज थोडी सैल करून वारा सोड. हे चेन्नई, कन्ना!" मी नुसती हसले. आई झाकण घट्ट लावायची आणि दहा दिवस कुणाला हात लावू द्यायची नाही. साताऱ्यात कधी काही झालं नाही.

गुरुवार, ८ मे
बाटली फुटली.

ऑफिसातून आले तर ओटा, फरशी सगळं लालभडक. गाजरांत काचा. फडक्याने टिपून, पिळून, गाळून घ्यावं असंही क्षणभर वाटलं! वेड्यासारखी तिथेच बसून रडले. शार्दूल म्हणाला, "अगं, परत घालू की." कशातून घालू? नवऱ्याला एवढंही कळू नये.

मामींचं ऐकलं असतं तर. मीच घालवला.

शुक्रवार
उरलेल्या रिकाम्या बाटल्या कचऱ्यात दिल्या. जेवले नाही.

रविवार, ११ मे
शेवटी बाबांचा फोन घेतला. खार गेला म्हणून सांगितलं आणि रडू फुटलं. बाबा म्हणाले, "रडू नकोस. माझ्याकडे आहे, पाठवतो. दोन वर्षं मीच घालतोय ती गाजरं. मीठ घातलं की नाही, हेच तिला आठवायचं नाही. तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती तिनं."