वर्गातली एकोणपन्नास

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच). तुझा गुडघा आणि भावोजींचा रक्तदाब दोघंही शिस्तीत असतील अशी आशा आहे. माझं विचारशील तर मी उभा आहे, एवढंच.

आमच्या कॉम्प्युटरच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि सहावीचा 'ऑनलाइन सुरक्षा व सोशल मीडिया' हा तास त्यांच्या चित्रकलेच्या तासाच्या जागी माझ्या गळ्यात पडला. मी चित्रकलेचा माणूस, फोन हातभर लांब धरून वाचणारा. पण 'तुमच्या विषयाला परीक्षा नाही, तुम्हाला वेळ असतो,' असं म्हणून मुख्याध्यापिकांनी दोन पानांचं परिपत्रक हातात ठेवलं. (बावीस वर्षांत माझ्या विषयाबद्दल त्यांनी काढलेला हा एकमेव उद्गार.)

मग मी तक्ता केला. पाच नियम आणि शेजारी अनोळखी इसमाचं चित्र: मिशा, काळा चष्मा, चेहऱ्यावर कपट. पोरांनी एका सुरात विचारलं, 'सर, हे तुम्हीच ना?' (घरी आरशात पाहिलं. कपटही थोडंफार जुळतं.) त्यानंतर पाऊण तास मीच शिकत होतो. अनोळखी माणसाला ब्लॉक कसं करायचं, लहान मुलांना जिथे बंदी आहे तिथे जन्मसाल कोणतं टाकायचं, सगळं त्यांना पाठ. एकाने एकोणीसशे साठ टाकलंय. म्हणजे तो मला वडीलधारा. त्याला अहो-जाहो करावं की कान धरावा, हे काही ठरेना.

शेवटी पाचव्या नियमावर आलो: कुणी न विचारता आपला फोटो किंवा व्हिडिओ टाकला, तर घरच्या मोठ्या माणसाला लगेच सांगावं. तेव्हा खिडकीजवळच्या, वर्षभर एक शब्द न बोललेल्या मुलीने हात वर केला.

'सर, आईनेच टाकला असला तर?'

वर्ग हसला. मागून कुणीतरी 'एकोणपन्नास!' असं ओरडलं. मला वाटलं, हजेरीचा नंबर असेल. मधल्या सुट्टीत उलगडा झाला. साताचा पाढा म्हणताना ही नेमकी तिथे अडकली, रडायला लागली आणि आईने ते फोनवर टिपून जगाला दाखवलं. गेले सात महिने वर्गात तिचं नाव एकोणपन्नास. मी परिपत्रक उलटसुलट वाचलं. त्यात आईवर उपाय नव्हता.

मला भांडण जमत नाही, हे तू जाणतेसच. तरी गेलो. तिची आई औषधांच्या दुकानात काम करते. रांगेत उभा राहिलो, पुढे पोचलो आणि धीर न झाल्यामुळे डोकेदुखीची गोळी मागितली. (लागलीही.) मग कसंबसं बोललो.

'अहो सर, आठशे लोकांना आवडलाय तो. सगळे गोडच म्हणाले.'

'वर्गात तिला एकोणपन्नास म्हणतात,' मी म्हणालो.

ती माझी गोळी पट्टीतून कापत होती. कात्री थांबली. 'मला कधी बोलली नाही ती.' मागचं गिऱ्हाईक खोकत राहिलं, पण तिने तिथेच फोन काढला आणि व्हिडिओ पुसून टाकला. गोळीचे पैसे घ्यायला विसरली, मी द्यायला.

पोरं अजून एकोणपन्नासच म्हणतात. नाव पुसायचं बटण कुठे असतं, ते पोरांनाही माहीत नाही. पण ती आता हात वर करते. काल विचारत होती, चित्रकलेचा तास परत कधी? मी म्हटलं, बाईंचं बाळ जरा मोठं होऊ दे.

तुझा दमलेला
धाकटा

ता. क. मुलांना बजावतो तसा अवघड पासवर्ड मी स्वतः लावला आणि विसरलो. माझं खातं तू उघडून दिलेलं, त्यामुळे सहा आकडे तुझ्या फोनवर येणार. ते कुणालाही सांगायचे नाहीत, असा माझाच तिसरा नियम आहे. मला सांग.

आणखी एक ता. क. खात्यात शिरायचंय ते भाचीच्या फोटोसाठी. शाळेच्या नाटकात वाक्य विसरून ती रडत उभी होती, तो. 'आमची महान अभिनेत्री' असं लिहून मीच टाकला होता. नव्वद जण हसले, मी धरून. त्यानंतर ती सुट्टीत मामाकडे आलीच नाही, आणि मी समजत होतो, अभ्यास वाढला असेल. फोटो पुसून टाकतो. माफी मात्र तुझ्यामार्फत नको. तिचा नवा नंबर मला पाठव. (आधी तिला विचारून.)