आमच्या गावचं स्टेशन आणि एकुलता एक उतारू

ताकळवाडी,
फेब्रुवारी १९७१

श्री. राधाकृष्ण दाजी यांस, तुमचा मेहुणा गहिनीनाथ याचा हात जोडून रामराम.

कंबर आता कशी आहे? फॅक्टरीतल्या इंजिनांखाली शिरून शिरून ती धरली, असं रंगूच्या पत्रात होतं. एरंडेल चोळा. (रंगूला मात्र चोळायला सांगू नका. माझी बहीण असली तरी तिचा हात जड आहे. लहानपणी तो माझ्या पाठीनेच सोसलाय.) इकडे सगळे ठणठणीत. म्हैस गाभण आहे, आई हिंडतीफिरती आहे, आणि या महिन्यात मी एक गाव वसवलं. म्हणजे जवळजवळ वसवलंच.

आमच्या शिवारातून जाणाऱ्या तुमच्या फॅक्टरीच्या उसाच्या बारक्या गाडीला दर गुरुवारी माणसांचे दोन डबे लागणार, सकाळी तिकडे आणि संध्याकाळी परत, हे तुम्ही जाणताच. ताकळवाडीला थांबा द्यावा का, हे बघायला तुमचे ओव्हरसियर साहेब आले होते. चावडीपुढे त्यांनी सांगितलं की, नुसता फलाट बांधून गाडी भरत नसते. बाजार, गिरणी, दवाखाना, घरं असं सगळं थांब्यापासून चालत जाण्याजोगं वसवा, म्हणजे माणसं आपसूक गाडीकडे वळतील. पाहणीच्या दिवशी वीस उतारू दाखवा, थांबा पक्का. साहेब बोलले ते सोन्यासारखं; पण गावाने त्यातून एवढंच घेतलं की स्टेशनाला चिकटून ज्याची जागा, त्याची चैन.

आराखडा माझ्या गळ्यात पडला, कारण मी पुण्यात स्टेशनाजवळ राहिलेला माणूस. (लॉजमध्ये कपबशा विसळत होतो, पण तेवढं पंचांनी विचारलं नाही.) चुन्याच्या रेघा मारल्या आणि लगेच भांडणं लागली. शेवटी भैरोबाच्या जत्रेत ज्या क्रमाने मान, त्याच क्रमाने जागा, असं ठरवून मी सुटलो. पहिला नारळ सरपंच आप्पासाहेबांचा, म्हणून फलाटालगत त्यांचं कापडदुकान. काठीचा मान आसारामचा, म्हणून शेजारी त्याची गिरणी. मग केशरबाईची भजी, आणि असं करत करत सगळं गाव. मला जत्रेत कसलाच मान नाही. म्हणून इंजिन जिथे उभं राहील त्याच्या बरोबर समोर मी माझं चहाचं हॉटेल नम्रपणे टाकलं.

या सगळ्यात आईला काय पडलं होतं, ते सांगतो. रंगूच्या लग्नाला तीन वर्षं झाली, आणि आईने तिचं घर अजून डोळ्यांनी पाहिलेलं नाही. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा आमचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहेच. बैलगाडीने यायचं तर मुक्काम आला, आणि मुक्काम आला की जेवण आलं. गाडीने मात्र सकाळी निघून, लेकीला बघून, आपलीच भाकरी खाऊन दिवेलागणीला घरी परत! रेघा मारत होतो तेव्हापासून तिचं गाठोडं तयार होतं.

पाहणीचा गुरुवार उजाडला. काय शोभा सांगू दाजी! पताका, कापडाचे तागे, भज्यांचा घमघमाट. इंजिन शिट्टी देत आलं आणि आम्ही सगळे एकदम ओरडलो, "चाऽऽय गरम!" साहेब खाली उतरले आणि म्हणाले, "उतारू कुठे आहेत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. एकजात सगळे दुकानदार. गल्ला सोडून कोण हलणार? आसाराम म्हणाला, "सायेब, गिऱ्हाईक म्हून आमी तुमचीच वाट बघतोय की!"

डब्यात आई एकटी बसली होती, मांडीवर गाठोडं घेऊन. साहेबांनी तिला हात जोडले आणि उतरवलं. थांबाच नाही तर तिकीट कसलं? गाडी गेली. मग आई आप्पासाहेबांपुढे उभी राहिली. "म्या लेकीचं घर बघाया निगाल्ते. तुमी समद्यांनी दुकानं मांडली, पर गाडीत कुनी बसलं न्हाई. तुमच्यापायी खाली उतारले म्या." एवढं बोलून ती चालत घरी गेली. दाजी, मला फार वाईट वाटलं. भजी तशीच राहिली. दुसऱ्याच दिवशी आप्पासाहेब स्वतः फॅक्टरीत जाऊन साहेबांच्या पाया पडले (ते कुणाच्या पडत नाहीत) आणि आणखी एक गुरुवार मागून आले.

तर अशी सगळी हकिगत. तुमच्याकडे काही काम म्हणून नाही, सहज लिहिलं. कंबरेला जपा.

तुमचा,
गहिनीनाथ

ता. क. येत्या गुरुवारी दुकानं बंद. आईशिवाय वीस उतारू झाले, आणि सगळे हौसेने तयार आहेत.

दुसरा ता. क. साहेब म्हणतात, उतारूला जायला ठिकाण हवं. फॅक्टरीकडे आमच्या गावाचं एकच घर आहे, दाजी. तेव्हा वीस पानं मांडावी लागतील. आप्पासाहेबांना तिखट सोसत नाही. आसाराम दोघांचं जेवतो, तो मी दोन धरला नाही.

तिसरा ता. क. वीसजणांचं जमत नसेल तर सगळ्यांना नुसता चहा पाजा, मी सांभाळून घेईन. आईला मात्र कसलाच आग्रह करू नका; ती भाकरी आणि पाण्याचा तांब्या घेऊन येणार आहे. आणि रंगूला सांगा, फलाटावर घ्यायला येऊ नकोस, घरातच थांब. आई म्हणते, "तिनं तिच्या सोताच्या दारातनं 'ये आई' म्हनल्यालं मला ऐकायचं हाय."